अडतं तिथे खेळ

प्रस्तावना

अभ्यासाचे खेळ घरच्या घरी कसे तयार करावेत, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. पुठ्ठा, खडू, चिंचोके, जुन्या लग्नपत्रिका, बाटल्यांची झाकणं एवढ्या सामानावर तिचं भागतं. तरीही ती उघडून लगेच कापाकापीला बसू नये, अशी विनंती आहे. खेळ करण्याआधी एक काम उरकावं लागतं आणि तेच सगळ्यांत अवघड असतं. मूल नेमकं कुठे अडतं, ते शोधणं. ‘गणित कच्चं आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे. ‘ऐकून संख्या लिहिताना पंचवीसचे बावन्न होतात’ हे उत्तर. पहिल्या वाक्यावर फार तर शिकवणी लावता येईल. खेळ मात्र दुसऱ्या वाक्यावरच उभा राहतो.

दुकानातल्या खेळाला आपलं मूल ठाऊक नसतं. तो ‘वय सहा ते दहा’ अशा कुणासाठी तरी केलेला असतो. छपाई सुबक, फासे गुळगुळीत, पण तुमच्या मुलाची अडचण त्यात असेलच असं नाही. असली तर तो योगायोग. घरातल्या माणसाकडे रंग नसतील, हात कसबी नसेल, पण मुलाची वही असते. ती वाचता आली की निम्मा खेळ झाला.

माझं घर रायपूरच्या पुरानी बस्तीत आहे, आणि ज्या भाचीच्या निमित्ताने हे खेळ तयार होत गेले तीही इथेच वाढते आहे. त्यामुळे पुस्तिकेवर या वस्तीची छाप आहे. बिंबाजी भोसले 1758 मध्ये रतनपूरला आले तेव्हापासून मराठी माणसं छत्तीसगडात रुजत गेली. रायपूरचा तात्यापारा हे त्यांचं जुनं ठिकाण. माधवराव सप्रे यांनी 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं, तेव्हा त्यांच्या सोबतीला वामनराव लाखे आणि रामराव चिंचोलकर होते. तिन्ही घरं मराठी, काम मात्र हिंदीत. याच सप्र्यांनी पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत आणलं. लाख्यांच्या नावाचं लाखेनगर आमच्या वस्तीला लागूनच आहे. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत छत्तीसगढी हा इथला जुना शिरस्ता. मोठ्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला मात्र या तिन्ही भाषांतून एकच पाढा, एकच संख्या ओळखावी लागते, आणि तिथे ते अडखळतं.

उदाहरण संख्यांचंच घेऊ, कारण या पुस्तिकेतला पहिला आणि सर्वांत लांब खेळ त्यांच्यावर आहे. ‘सत्तेचाळीस’ म्हटलं की कानावर आधी सात पडतो, मग चाळीस. लिहिताना मात्र आधी चार, मग सात. हिंदीतला ‘सैंतालीस’ही तसाच उलटा. म्हणजे दोन्ही भाषा कानाला एका दिशेने नेतात आणि हाताला दुसऱ्या. त्यात एकोणतीस हा नावाने तिसाचा सोयरा, पण राहायला विसांच्या घरात. हिंदीत तोच उनतीस. मराठीत एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही रीत सरळ चालते आणि नव्याण्णवला मोडते. हिंदीत ती आधीच, नवासीला मोडते. घरी ‘एकोणनव्वद’ आणि शाळेत ‘नवासी’ ऐकणाऱ्या मुलाने 89 लिहिताना थबकणं यात नवल कसलं? ही गोष्ट गंभीर आहे हे महाराष्ट्रातही मानलं गेलं आहे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीने ‘वीस एक, वीस दोन’ अशी मोजणी आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण शांतपणे सांगितलं होतं: जोडाक्षरांची, उलट क्रमाची नावं लहान मुलांना जड जातात. त्या वादात कुणाची बाजू घ्यायची ते वाचकाने ठरवावं. मुलाची अडचण खरी आहे, एवढं आपल्याला पुरे.

आता या अडचणीवर खेळ कसा बेतायचा? पहिली ऊर्मी अशी असते की सापशिडीचा पट घ्यावा आणि प्रत्येक घरावर एक प्रश्न लिहावा. उत्तर बरोबर आलं तर फासा टाकायचा. हा खेळ नव्हे, ही परीक्षा. फासा तिला नुसता चिकटवलेला आहे. मुलाला ते लगेच कळतं. प्रश्न हा त्याला खेळातला अडथळा वाटतो आणि अभ्यास ही फासा टाकण्यासाठी भरायची पट्टी होऊन बसते. म्हणून इथे एकच कसोटी लावली आहे: खेळातली चाल हाच अभ्यास असला पाहिजे. चाल काढून घेतली तर अभ्यास उरू नये, आणि अभ्यास काढून घेतला तर चाल उरू नये.

सापशिडीचाच पट या कसोटीवर धरून पाहा. तिच्या पहिल्या ओळीत 1 ते 10 आणि दुसऱ्या ओळीत उलट्या दिशेने 11 ते 20. ओळी अशा नागमोडी असल्यामुळे 25 च्या डोक्यावर 36 येतो. म्हणजे वर जाण्यात सगळ्या घरांना एकच नेम नाही. शिवाय 20 हा अकरा-बाराच्या रांगेत बसतो. शर्यतीसाठी हे ठीक, पण संख्या समजण्यासाठी हा पट निरुपयोगी. आपण तो बदलायचा. सुरुवात 0 पासून, शेवट 99 वर, आणि प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू. आता 20 ते 29 ही सगळी भावंडं एका रांगेत आली. कुठल्याही घरातून एक पायरी वर चढलं की दहा वाढतात, एक पाऊल उजवीकडे सरकलं की एक वाढतो. डब्यातून चिठ्ठी काढायची, समोरच्याने संख्या एकदाच मोठ्याने सांगायची, आणि खेळणाऱ्याने शून्यापासून सोंगटी न्यायची. पण आधी चढायचं, मग सरकायचं. ‘सत्तेचाळीस’ ऐकल्यावर कानात सात घुमत असला तरी पाय आधी चार ओळी चढले पाहिजेत. चढताना ‘दहा, वीस, तीस, चाळीस’ म्हणायचं, सरकताना पुढचे सात मोजायचे. सोंगटी 74 वर पोचली तर ती चूक पटावर सगळ्यांना दिसते. कुणी रागावायची गरज पडत नाही. शेवटच्या उभ्या रांगेत सगळे ‘एकोण’ एकावर एक राहतात. एकोणतिसाला तिसाच्या ओळीत शोधणारं मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहतं की तिसाला अजून एक पाऊल बाकी आहे. तेच घर मराठीतून आणि हिंदीतून विचारता येतं, हा आमच्यासारख्या घरांचा वरचा नफा.

ज्या पटांवर चिठ्ठीऐवजी दान टाकायचं असतं, तिथे फाशाच्या जागी चिंचोके घेतले आहेत आणि त्यालाही कारण आहे. चार चिंचोके एका बाजूने दगडावर घासून पांढरे करायचे. टाकल्यावर जितके पांढऱ्या बाजूने उताणे पडतील तितकं दान. चारही उताणे पडले तर चार, चारही पालथे पडले तर आठ. पटसोंगट्यांच्या जुन्या खेळांतली ही रीत पुष्कळांच्या आज्यांना पाठ असेल. चार चिंचोके पडण्याच्या एकूण 16 तऱ्हा होतात. त्यांपैकी 6 तऱ्हांमध्ये ‘दोन’ येतो, ‘एक’ आणि ‘तीन’ प्रत्येकी 4 तऱ्हांमध्ये, आणि ‘चार’ व ‘आठ’ प्रत्येकी एकाच तऱ्हेत. घासताना चिंचोका एका बाजूला जड राहिला तर हा हिशोब थोडा डळमळतो. थोड्याच दिवसांत मुलं तक्रार करतात, “मावशी, सारखे दोनच का येतात?” हा प्रश्न आला की संभाव्यतेचा धडा सुरू झाला असं समजावं. सहा बाजूंच्या विकतच्या फाशाने हा प्रश्न विचारायला कधीच लावलं नसतं, कारण त्याची सगळी दानं सारखीच.

पटावरून शिकवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. सापशिडीचा पूर्वज असलेल्या मोक्षपटात, म्हणजे ज्ञानचौपरात, घरांना आकड्यांपलीकडे गुणदोषांची नावं होती. सद्गुणावर पाय पडला की शिडी, दुर्गुणावर पडला की साप. शिकवण चालीतच होती, बाहेरून सांगावी लागत नव्हती. हा पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेला, तिथे त्याचं अध्यात्म हळूहळू गळालं आणि नुसती शर्यत उरली. पचिसीचंही तेच झालं. 1896 मध्ये तिच्यावरून इंग्लंडात लुडोचं पेटंट घेतलं गेलं, आणि तोच लुडो आज आपल्या मोबाइलवर परत आला आहे.

घरच्या सामानाचीही परंपरा आहे, आणि ती मराठीत फार भक्कम आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलं, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं. माँटेसोरीची साधनं उत्तम होती, पण महाग होती आणि वारली पाड्यातल्या मुलांना परकी होती. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं यांतून साधनं घडवली. 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच काम चाललं. स्वस्त पडतात म्हणून त्यांनी बिया निवडल्या, असं समजणं म्हणजे त्यांना अर्धंच समजणं. जी वस्तू मुलाच्या हाताला आधीपासून ठाऊक आहे, तिच्यातून नवी गोष्ट लवकर कळते, हे त्यांनी हेरलं होतं. दुसरा धागा होशंगाबादचा. 1972 मध्ये तिथे शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याचा मोठा प्रयोग सुरू झाला. रायपूर तेव्हा त्याच मध्य प्रदेशात होतं. अरविंद गुप्ता 1978 मध्ये पुण्याहून नोकरीतून रजा घेऊन तिथे गेले, आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे यांतून त्यांनी भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. त्रिकोण दाबला तरी हलत नाही आणि चौकोन कलंडतो, हे बोटांना कळल्यावर पुलांना आणि छपरांना त्रिकोण का लावतात ते वेगळं सांगावं लागत नाही. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी पिढ्यांना खेळणी करायला शिकवलं. या पुस्तिकेतल्या पुष्कळ युक्त्यांचं मूळ या दोन घराण्यांत सापडेल.

आमच्या गल्लीचंही ऋण आहेच. बिल्लस, बांटी, भौंरा, पिट्ठुल, गेडी, फुगडी हे खेळ 2022 च्या ऑक्टोबरपासून ‘छत्तीसगढिया ऑलिंपिक’मध्ये मानाने खेळवले गेले, पण गल्लीत ते त्याच्या कितीतरी आधीपासून होते. बिल्लसचे, म्हणजे ठिकरीच्या खेळाचे, चौकोन खडूने आखलेले असतातच. त्यांत 1, 2, 3 ऐवजी 7, 14, 21 लिहिले की सातचा पाढा पायांत उतरतो. गल्लीतल्या मुलांना या फेरफाराचा राग येत नाही, फक्त नियम आधी सांगावा लागतो.

आता थोडं संशोधनाबद्दल, कारण खेळाच्या नावाखाली काहीही खपवलं जातं. रॉबर्ट सीगलर आणि गीता रामाणी यांनी 2008 मध्ये अमेरिकेत गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना 1 ते 10 आकड्यांचा सरळ रेषेतला साधा पट खेळायला दिला. सगळा मिळून खेळ तासाभराचा, तोही थोडा थोडा करून. मुलांची संख्यांची समज स्पष्टपणे वाढली. तोच पट आकड्यांऐवजी रंगांचा दिला तेव्हा ती वाढली नाही. पुढे एलिडा लास्की आणि सीगलर यांनी 2014 मध्ये दाखवलं की सोंगटी पुढे नेताना ‘एक, दोन, तीन’ म्हणण्यापेक्षा सोंगटी जिथे आहे तिथून पुढे ‘चोवीस, पंचवीस, सव्वीस’ असं म्हटल्याने मुलं जास्त शिकतात. एवढासा नियम, पण त्यावर सगळं अवलंबून. या पुस्तिकेत तो प्रत्येक पटाला लावला आहे. भागाकार खेळाच्या चालीतच गुंफलेला आणि भागाकार दोन फेऱ्यांच्या मध्ये प्रश्न म्हणून ठेवलेला, असे एकाच खेळाचे दोन प्रकार हॅबगुड आणि एन्सवर्थ यांनी 2011 मध्ये ब्रिटनमधल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना दिले, तेव्हा पहिल्या प्रकारात मुलं जास्त शिकली आणि मोकळीक मिळाल्यावर त्याच प्रकाराकडे वळली. चाल हाच अभ्यास, ही आपली कसोटी तिथे मोजून पाहिलेली आहे.

बक्षिसांबद्दलही एक जुना प्रयोग ध्यानात ठेवावा. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी फिरकली. तेव्हा जिंकणाऱ्याला चॉकलेट, हा नियम आपल्या खेळात नाही. जिंकणं हेच पुरे, आणि हरणाऱ्याला पुढच्या डावाचा पहिला चिंचोका.

खेळाची मर्यादाही इथेच सांगितली पाहिजे. दिल्लीतल्या प्रथम संस्थेच्या बालवाड्यांमध्ये संख्या आणि आकारांचे खेळ काही महिने खेळवले गेले. त्याचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, संशोधकांत एस्थर डुफ्लो आणि एलिझाबेथ स्पेल्की होत्या. खेळलेल्या मुलांची आकारांची आणि संख्यांची अंगभूत जाण सुधारली आणि वर्षभरानंतरही टिकली. पण शाळेतल्या गणितात ती मुलं पुढे गेली नाहीत. 2025 मध्ये आलेल्या आणखी एका अभ्यासात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं तोंडी हिशोबात पक्की निघाली, आणि तीच मुलं वहीतल्या गणितात अडली. शाळेतली मुलं नेमकी उलट. आमच्या टूरी हटरीच्या बाजारात भाजीच्या पाटीशी बसणारी मुलंही हेच सांगतील. याचा अर्थ खेळ व्यर्थ आहे असा नाही. खेळापासून वहीपर्यंतची वाट आपोआप तयार होत नाही, ती बांधावी लागते, असा आहे. म्हणून प्रत्येक खेळाला ‘खेळाची वही’ जोडली आहे. सोंगटी 47 वर पोचली की खेळणाऱ्याने वहीत 40 + 7 = 47 लिहायचं आणि शाळेत ज्या भाषेत शिकवतात त्या भाषेत म्हणायचं. यात खेळाची गती थोडी मंदावते. ते मान्य करूनच हा नियम ठेवला आहे.

पाठांतराच्या विषयांसाठी पटाऐवजी पत्त्यांचा मार्ग घेतला आहे. जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे करायचे. पुढे प्रश्न, मागे उत्तर. मिठाईचे पाच रिकामे डबे. उत्तर बरोबर आलं की पत्ता पुढच्या डब्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला डबा रोज उघडायचा, पुढचे अधिकाधिक दिवसांनी. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये मांडली. ती चालते कारण आठवण्याचा प्रयत्न केल्याने गोष्ट टिकते. रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते, पण आठवड्यानंतर न बघता आठवून पाहणारे पुढे गेले. घोकणारं मूल रात्री सगळं येतं म्हणतं आणि पेपरात विसरतं, त्याचं कारण यात आहे.

करण्याची रीत थोडक्यात. पट आधी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने आखावा. घर 3 सेंटिमीटरचं ठेवलं की दहा घरांना 30 सेंटिमीटरची पट्टी नेमकी पुरते. नियम तीनपेक्षा जास्त नकोत. एक डाव वीस मिनिटांत संपावा. पहिले डाव मोठ्या माणसाने मुलाशी खेळावेत आणि खेळताना शिकवू नये, फक्त पाहावं: कंटाळा कधी येतो, भांडण कुठे होतं, लबाडी कशात करावीशी वाटते. मुलाला ज्या जागी लबाडी करावीशी वाटते, तिथे बहुधा अभ्यास चालीबाहेर राहिलेला असतो. नियम बदलायचा तर एका वेळी एकच बदलावा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. दैवाचा वाटा थोडा ठेवावा, म्हणजे धाकट्या भावंडालाही जिंकायची संधी राहते. पुठ्ठा, खळ आणि रंग यांकडे खेळ जमल्यावरच वळावं. सुंदर पट मोडवत नाही आणि मोडल्याशिवाय पहिला खेळ सुधारत नाही. आणि मूल अडायचं थांबलं की तो खेळ खुशाल बासनात बांधावा. त्याचं काम झालं.

पुस्तिकेचे चार भाग आहेत. पहिल्यात वही कशी वाचावी, म्हणजे चुका गोळा करून त्यांतली जात कशी ओळखावी, ते आहे. दुसऱ्यात संख्यांचे पट, तिसऱ्यात भाषेचे पत्ते, ज्यांत मराठी आणि हिंदी शुद्धलेखनातल्या अदलाबदली खास घेतल्या आहेत. चौथ्यात परिसराचे खेळ: महामाया मंदिर, दूधाधारी मठ, बुढा तालाब, टूरी हटरी अशी ठिकाणं घेऊन मुलांनी स्वतः नकाशा आखायचा. दुसऱ्या गावच्या वाचकाने तिथे आपली देवळं, आपली तळी, आपला बाजार घालावा. नाहीतर आमचा नकाशा त्याच्या मुलासाठी दुकानातला खेळच ठरेल.

चिंचोके घासून देणाऱ्या शेजारच्या आजींचे, बिल्लसचे आपले चौकोन उसने देणाऱ्या गल्लीतल्या मुलांचे आणि ‘हा नियम कंटाळवाणा आहे’ असं तोंडावर सांगणाऱ्या भाचीचे आभार. तिच्या त्या वाक्याने पुस्तिकेची बरीच पानं गाळली गेली आणि राहिलेली सुधारली.

पहिलं प्रकरण वाचण्याआधी मुलाची गेल्या महिन्याची वही घेऊन बसा. सगळ्या चुका मोजू नका. पुन्हा पुन्हा येणारी एकच चूक शोधा आणि ती एका वाक्यात लिहा. वाक्यात ‘कच्चं’, ‘लक्ष नाही’, ‘आळशी’ यांतला शब्द आला तर ते खोडून पुन्हा लिहा. ते वाक्य नेमकं झालं, की पुढचं प्रकरण उघडायला हरकत नाही.

पुरानी बस्ती, रायपूर